झांजेची सलामी

सयाजीची माती सावडायच्या दिवशी सकाळी इंगवल्यांच्या दारात दोन तऱ्हेची माणसं उभी राहिली, आणि आधी कुणी कुणाला रामराम घालायचा हेच कुणाला कळेना.

तालमीची पोरं पांढऱ्या टोप्या घालून आलेली, काखेत फडक्यात बांधलेल्या झांजा. त्यांच्या पुढं ज्ञानू वस्ताद, झांजपथकाचा म्होरक्या. आणि समोर, गटाराच्या पलीकडं, मुंबईच्या गाडीतनं उतरलेली दहा-बारा माणसं. खाली फाकलेल्या विजारी, मानेवर रुळणारे केस, दोघी-तिघी पोरी काळे चष्मे लावून. सगळ्यांच्या अंगावर काळी कापडं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत दुखवट्याला काळं घालून आजवर कोण आलं नव्हतं. केरबाआण्णांनी, म्हणजे सयाजीच्या थोरल्या भावानं, जोत्यावरनं त्यांच्याकडं एकदा नीट बघितलं आणि मनाशी ठरवून टाकलं की हे वेटर. सयाजी मुंबईत हॉटेलात वाजवायचा, वाजवता वाजवताच गेला, तेव्हा मालकानं माणसं पाठवली असणार. बरा मालक दिसतोय.

“या पावणं,” आण्णा म्हणाले. “उभं का? बसा की.”

बसले बिचारे. पायरीवर, जोत्यावर, म्हशींच्या वैरणीच्या भाऱ्यावर, जागा मिळेल तिथं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारच्या बायडाबाईनं चहाची किटली पाठवली. चहा पिता पिता त्यांच्यातला एकजण, पन्नाशीचा, टकलावर उन्हाचा डाग पडलेला, सोप्यातल्या फोटोकडं गेला. सयाजीच्या फोटोला हार होता आणि फोटोपुढं तालमीनं पितळी झांजांचा एक जोड मांडला होता. त्या माणसानं तो जोड बघितला आणि तिथंच भिंतीला टेकून रडायला लागला. मग त्याच्या मागनं त्या पोरीही रडल्या. “यांना माहिती आहे,” असं काहीतरी ते एकमेकांना इंग्रजीतनं सांगत होते.

आण्णांना वाटलं, वेटर मनाचा हळवा दिसतोय.

तो पिंटो. सयाजीच्या मागं अकरा वर्षं ड्रम बडवलेला. पण हे कळायला अजून अवकाश होता, आणि कळल्यावर तरी काय उजेड पडला म्हणा.

मुंबईची माणसं हळूहळू हिंदीतनं बोलती झाली. त्यांना बोलायचंच होतं, त्यासाठीच आली होती. ती ‘साया’ म्हणून कुणाबद्दल तरी सांगायला लागली. साया एकदा वाजवायला लागला की हॉटेलातले आचारी कढई उतरवून दारात येऊन उभे राहायचे. साया कार्यक्रमानंतर दारूला शिवायचा नाही, मोठा पेला भरून दूध प्यायचा आणि दुधात पाणी आहे म्हणून दर रात्री भांडायचा. एक पोरगी म्हणाली, साया कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. दुसरी म्हणाली, काय सांगतेस, मला पहाटेपर्यंत म्हशीच्या जातींबद्दल सांगत बसलेला. आण्णा मान डोलवत ऐकत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी लेकीला, मीनाक्षीला, बाजूला घेऊन विचारलं, “हा साया कोण? त्योबी मेलाय का काय?”

“आपले काका, आण्णा. त्यांना तिकडं साया म्हणत.”

“सयाजी चांगलं नाव हाय की. त्याला काय धाड भरलीवती?”

मीनाक्षी चहाचे रिकामे कप गोळा करायला लागली. ती मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची आणि या घरात खरं काय ते ठाऊक असलेली ती एकटीच होती. मागं शाळेच्या कामासाठी मुंबईला गेली तेव्हा तिनं रस्त्यावर काकाची जाहिरात बघितलेली. त्यावर काकाच्या हातात जे होतं ती झांज नव्हती. घरी येऊन तिनं तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर आत्तीला काय वाटलं असतं? आणि आता बाहेर तालीम बसलीय, झांजा घेऊन, आणि त्यांच्या शेजारी हे बसलेत.

आत्ती, म्हणजे आक्का, सयाजीची थोरली बहीण, दाराच्या आत भिंतीला पाठ लावून बसली होती. धोंडुबाई तिचं नाव, पण आण्णांपासून गवळ्यापर्यंत सगळे आक्काच म्हणत. आई गेली तेव्हा सयाजी पाळण्यात होता. त्याला हिनं कडेवर वाढवला, मग लग्न होऊन हुपरीला गेली. हुपरीत तिच्या सासरी चांदीची पैंजणं करतात. चाळीस वर्षं आक्का पैंजणाला घुंगरं लावत आलीय. बातमी कळल्यापासून ती रडली नव्हती. बायका म्हणत होत्या, धसका घेतला म्हातारीनं. धसका कसला! तिच्या डोक्यात एकच गोष्ट अडकून बसली होती आणि ती निघत नव्हती.

तीन वर्षांमागं जोतिबाच्या यात्रेला सयाजी आला होता. आक्का मुद्दाम हुपरीहून आलेली. ती म्हणाली, एवढी वर्षं मुंबईत झांज वाजवतोस म्हणतोस, पेठंत मी सगळ्यांस्नी सांगत फिरतो, एकदा मला तरी ऐकीव. सयाजीनं मुंबईला गेल्या गेल्या तिला सांगितलेलं, “आक्का, मी तितं जाझ वाजवतो.” आक्काला झांज ऐकू आलं. झांज तिला ठाऊक होती, दुसरं काय ऐकू येणार? तिनं पेठेत सांगितलं, पेठेनं तालमीत, आणि तालमीनं तर पथकाच्या खोलीत सयाजीचा फोटोच लावला. आपल्या पेठेचं पोरगं मुंबईच्या मोठ्या हॉटेलात झांज वाजवतं, लहान गोष्ट आहे होय?

तर त्या दिवशी सयाजीनं परसात काळी पेटी उघडली, पितळेचा वाकडा बाजा काढला आणि वाजवला. पुष्कळ वेळ वाजवला. आण्णा होते, मीनाक्षी होती, ज्ञानू वस्तादही बोलावलेला. संपलं तेव्हा म्हशीसुद्धा रवंथ थांबवून बघत होत्या. मग आक्का म्हणाली, “लई झ्याक वाजिवलंस. पण झांज कुठाय?”

सयाजी तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग जो हसायला लागला, तो हसत हसत खालीच बसला. डोळे पुसले, बाजा पेटीत घातला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. त्यानंतर आलाच नाही. परवा आला तो ॲम्ब्युलन्समधनं, शेजारी ती पेटी ठेवून.

हसला, की राग आला म्हणून हसला? तीन वर्षं घुंगरं लावता लावता आक्का हेच घोकत होती. तिचं काय चुकलं ते तिला आजही कळत नव्हतं. पण चुकलं असल्याशिवाय पोरगं तीन वर्षं तोंड दाखवत नाही, एवढं तिला कळत होतं.

बाहेर ज्ञानू वस्ताद उठला. पाव्हण्यांना रीत समजावी म्हणून त्यानं मोठ्यानं सांगितलं, की आमच्या तालमीत ज्यानं झांज धरली, त्याची राख पाण्यात सोडताना सगळं पथक मिळून झांजेचा एक ठोका देतं. एकच. त्याला सलामी म्हणतात. सयाजीराव मुंबईत राहिले तरी पेठेचे झांजवालेच, तेव्हा त्यांनाही ती मिळणार.

इथंच घोटाळा व्हायचा होता. मुंबईवाल्यांबरोबर कोल्हापूरचाही एक इसम बसला होता, माधव नावाचा. बँकेत कारकून, राहायला शुक्रवार पेठेत. सयाजीच्या तबकड्या गोळा करून दर रविवारी चार मित्रांना ऐकवायचा. आपल्याच गावचा माणूस म्हणून त्याला कोण अभिमान! या सगळ्यांना पत्ता शोधून इथवर आणलं ते त्यानंच. चांगला माणूस, पण चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही अशातला.

“वस्ताद, थोडी गल्लत होतेय,” तो म्हणाला. “झांज नाही. जाझ.”

“त्येच की.”

“ते नाही. जाझ म्हणजे संगीत आहे. अमेरिकेतलं. सयाजीराव त्यातही जाझ-फंक वाजवायचे. म्हणजे नाचायला लावणारं.”

“झांज काय बसून ऐकायची असती व्हय?” वस्ताद म्हणाला. “तिच्यावर नाचायचंच असतं.”

माधवनं कपाळाला हात लावला. मग त्यानं सॅक्सोफोन म्हणजे काय, फुंकायचं कसं, कळा किती, सगळं समजावून दिलं, आणि शेवटी म्हणाला, की सयाजीरावांनी उभ्या जन्मात झांज हातात धरलेली नाही. हे तो फार आदरानं म्हणाला. त्याला वाटलं, आपण त्यांची थोरवी सांगतोय.

तालमीची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. वस्तादाला परसातला तो दिवस आठवला असणार. तेव्हा त्याला वाटलेलं, बाजा हे आपलं सयाजीचं वरकड, खरी झांज मुंबईला ठेवून आला असेल. आता त्याचा चेहरा पडला. वाईट माणूस नव्हता तो, पण रीत म्हणजे रीत. तो आण्णांपुढं येऊन हळू आवाजात म्हणाला, “आण्णा, ज्यानं झांज धरलीच न्हाय, त्याला झांजंची सलामी कशी द्यायची, तुमीच सांगा. उद्या धा जण दारात येतील.”

आण्णा तालमीचे जुने आश्रयदाते. पथकाला दूध त्यांच्या गोठ्यातनं जायचं. पेठेत त्यांचा शब्द खाली पडत नसे, तो यामुळंच, की ते रीतीबाहेर जात नसत. भाऊ गेल्याचं दुःख होतंच, त्यात ही लाज आली. बारा गावांत भाऊ झांजवाला म्हणून मिरवलं आणि भाऊ निघाला भलतंच काहीतरी फुंकणारा! आता त्याला काय म्हणायचं हेसुद्धा जिभेवर येत नाही. ते म्हणाले, “न्हाय बसत तर न्हाय बसत. वस्ताद, तुमी म्हणता ते बरोबर हाय.”

आतनं आक्का उठून दारात आली.

“आण्णा, सलामी न्हाय?”

“आक्का, त्यो झांजवाला न्हवता. आपुनच येडं झालतो.”

आक्का चौकट धरून उभी राहिली. गेला तो गेला, आणि आता आपला म्हणूनही जाणार नाही, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. मीनाक्षी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बापाच्या विरुद्ध ती आजवर कधी उभी राहिली नव्हती. आज राहिली, आणि ते आण्णांनी बघितलं.

माधव कासावीस झाला. आपल्यामुळं काहीतरी मोडलंय एवढं त्याला कळलं. मग सावरायला म्हणून त्यानं जी गोष्ट काढली, तिनं उरलंसुरलंही मोडलं.

त्यानं सांगितलं, की अहो, तुम्ही नाराज होऊ नका, सयाजीरावांचं सगळ्यात गाजलेलं गाणं झांजेवरच आहे. नावच तसं आहे. गेल्या तीन वर्षांत या गाण्याशिवाय त्यांचा एक कार्यक्रम झाला नाही. ऐन रंगात आलं की ते एकदम थांबतात, सगळी वाद्यं थांबतात, आणि ते लोकांना विचारतात, “झांज कुठाय?” आणि अख्खी गर्दी ओरडते, “हितं हाय!”

काळ्या कापडातल्यांना एवढंच कळलं. त्यांच्या माना वर आल्या. एका पोरीनं चष्मा काढला आणि आपल्या तऱ्हेनं म्हणाली, “झान्ज कूठाय, हिटा हाय.” तिला तो आफ्रिकेतल्या कुठल्या तरी भाषेतला मंत्र वाटत होता. रडता रडता ती किंचित हसली.

आण्णांनी आक्काकडं बघितलं, वस्तादानं जमिनीकडं. परसातला तो दिवस तिघांनाही ठाऊक होता.

“लोक हसत्यात का?” आण्णांनी विचारलं.

माधवला खोटं बोलता येत नव्हतं. “हसतात की. फार मजा येते तेव्हा.”

मग मात्र आण्णांचा पारा चढला. ते ओरडले नाहीत, पण बोलले ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. “जिनं ह्येला कडंवर वाढीवला तिचा शब्द घिऊन ह्येनं हाटेलात लोकांस्नी हसवलं. तीन वर्सं. आनी आमी हितं त्येचा फोटू पुजालोय. सलामी तर न्हायच, घाटावर कसलं वाद्यबी वाजायचं न्हाय. राख सोडायची आनी घरला यायचं.”

मीनाक्षी आत्तीला आत न्यायला लागली, पण आक्का हलेना. तिला राग आलेला दिसत नव्हता. बाजारात ओळखीचा वाटणारा माणूस दिसावा आणि नाव आठवू नये, तशी ती त्या टकल्या पिंटोकडं बघत होती. माधवनं तेवढ्यात तिला तो कोण ते सांगितलं. आक्का पायरी उतरून त्याच्यापुढं गेली.

“बाबा, तू त्येच्या मागं बसत हुतास न्हवं? मला सांग, ते ईचारताना त्यो रागात असायचा का?”

पिंटोला मराठी मोडकंतोडकं यायचं. प्रश्न कळायला मीनाक्षीची मदत लागली, आणि कळल्यावर तो गोंधळला. रागात? साया? त्यानं सांगितलं, त्यालाही ते गाणं धड कळलेलं नाही. तीन वर्षांमागं साया गावाहून परत आला तो सरळ त्याच्या खोलीवर आला आणि म्हणाला, नवीन गाणं करू. त्या गाण्यात सायानं एक जागा रिकामी सोडायला लावली. लोक ओरडून झाले की सगळ्यांनी हात वर धरून थांबायचं, काही वाजवायचं नाही. पिंटोला ती पोकळी सहन व्हायची नाही. ड्रमवाल्याला कुठली सहन होते! एकदा त्यानं कोल्हापूरहून झांजांचा जोड मागवला आणि म्हणाला, आता ही जागा मी भरतो. सायानं जोड काढून घेतला. म्हणाला, ही जागा बुक आहे.

“कुणासाटी?” आक्कानं विचारलं.

“ते नाय सांगितला,” पिंटो म्हणाला. “आम्ही विचारला, बहोत वेळा. तो बोलायचा, येईल ती. तिला गाडी लागते, म्हणून उशीर.”

आक्काला एसटी लागते हे पेठेला ठाऊक होतं. हुपरी ते कोल्हापूर एवढ्यात ती तोंडाला पदर लावून येते. मीनाक्षीनं पटकन तोंड फिरवलं. आण्णा मात्र जागचे हलले नाहीत. शब्द एकदा दिला की फिरवायचा कसा हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि आक्का? तिला त्यातलं किती कळलं, देव जाणे. ती मीनाक्षीला म्हणाली, “म्हंजे काय ग? माझी वाट बघत हुता? मग याचं न्हाय का सांगाया? मी काय हाटेलात जाऊन झांज वाजवणार हुतो? मला कुठं येती?”

“मला नाही ठाऊक, आत्ती.”

“मलाबी न्हाय,” आक्का म्हणाली. “कायबी कळंना बघ.”

सगळे मिळून पंचगंगेवर गेले. पुढं पांढरे, मागं काळे. तालमीच्या पोरांनी झांजा तशाच फडक्यात आणल्या होत्या. सलामी नाही म्हटल्यावर त्या घरी ठेवायच्या की बरोबर न्यायच्या हे कुणी सांगितलंच नव्हतं. पिंटोनं सोप्यातली ती काळी पेटी उचलली. आण्णांनी डोळे वटारले तेव्हा मीनाक्षी म्हणाली, “बाजा बंदच आहे, आण्णा. पेटी काय वाद्य आहे होय?” आण्णा पुढं चालायला लागले.

माती सावडली. नैवेद्य मांडला त्यातही गोंधळच. घरच्यांनी बायडाबाईकडनं करून आलेला दहीभात, पिठलं, भाकरी ठेवली, मुंबईच्या एका पोरीनं सायाला आवडायची म्हणून कसलीशी क्रीमची बिस्किटं ठेवली, माधवनं पेढा. आणि हे सगळं कुठं कसं ठेवायचं यावर बोलणं चाललेलं असतानाच कावळा येऊन शिवूनही गेला. कशाला शिवला ते कुणी बघितलंच नाही. त्यावरनं पुन्हा दोन तट पडले.

आण्णा गुडघाभर पाण्यात उतरले. आक्काही उतरली, लुगड्याचा काचा मारून. राख सोडायला सुरुवात झाली तेव्हा काठावरच्या काळ्या माणसांत चुळबूळ झाली. वाद्य वाजायचं नाही हे त्यांना सांगितलेलं होतं, आणि ते त्यांनी मानलंही. पण गायचं नाही असं कोण म्हणालं होतं? पिंटो पायरीवर बसला, पेटी मांडीवर घेतली आणि बोटांनी तिच्यावर हळू ठेका धरला. एका पोरीनं ओठ मिटून सूर लावला. मग दुसऱ्यानं. माधवचा आवाज भयंकर होता, पण त्यानंही लावला. बाजा काय बोलायचा ते सगळं ते तोंडानं बोलायला लागले, चुकत, पुढंमागं होत, आणि पायरीवर त्यांचे पाय आपोआप हलायला लागले. दुखवट्यात पाय हलवायचे नसतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आण्णा वळून बघत राहिले. हाताला राख लागलेली, त्यामुळं हात वर करून थांबवताही येईना. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते ओळखीचं वाटलं. परसात त्या दिवशी जे ऐकलं त्यातलंच होतं. म्हशींच्या धारा काढताना सयाजी पोरपणी तोंडानं असलंच काहीतरी करायचा आणि आण्णा त्याला गप्प बसवायचे. म्हशी बुजतात म्हणून. त्या कधी बुजल्या नव्हत्या.

गाणं चढत गेलं आणि एकदम थांबलं.

पिंटोची बोटं पेटीच्या वर धरलेली राहिली. सगळे थांबले, कारण इथं थांबायचंच असतं. इथं साया विचारायचा. आणि विचारणारा तर आत्ताच पाण्यातनं खाली चालला होता. हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आता पुढं जायचं कसं? पोरी पिंटोकडं बघतायत, पिंटो माधवकडं. तालमीच्या पोरांना वाटलं, संपलं. त्यांनी टोप्या नीट केल्या. आण्णांना वाटलं, गाणं विसरले वाटतं. घाटावर कुणीतरी कापडं आपटत होतं तेवढाच आवाज.

आक्का पाण्यात उभी होती. तिनं काठाकडं बघितलं. चाळीस वर्षं घुंगरं लावणाऱ्या बाईला पैंजणात एक घुंगरू गळलं तर न बघता कळतं. तिला ती जागा ऐकू आली. हीच ती. त्या दिवशी परसातही इथंच कुठं तरी काहीतरी राहिलं होतं, म्हणूनच तर तिनं विचारलं होतं, चेष्टेनं नाही आणि अडाणीपणानंही नाही. ते तेव्हा एकट्या सयाजीला कळलं होतं, आणि तो हसत सुटला होता. राग कसला? तिच्या डोळ्यांना आता पाणी आलं, आणि ते तिनं पुसलं नाही.

ती पाण्यातनं वळली आणि तालमीच्या पोरांना विचारलं, अगदी त्या दिवशीसारखं, जरा दमात घेऊन.

“झांज कुठाय?”

“हितं हाय!” काळी कापडं घातलेली सगळी माणसं एका दमात ओरडली. त्यांना थांबवणं त्यांच्याही हातात नव्हतं.

ज्ञानू वस्ताद दचकला. त्याला यातलं काही कळलं नाही. त्याला एवढंच कळलं, की आक्का झांज मागतेय आणि झांज त्याच्या काखेत आहे. फडक्यात बांधलेला जोड त्यानं पुढं धरला आणि आण्णांकडं बघितलं. आण्णा पाण्याकडं बघत होते.

“मग वाजवा की,” आक्का म्हणाली. “त्यानं तरी किती येळ जागा धरून बसायचं?”

वस्तादानं दुसऱ्यांदा आण्णांकडं बघितलं नाही. त्यानं फडक्याची गाठ सोडली.